आधीं बरगड्या मोजा

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा धरणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस छातीचें क्ष-किरणचित्र हातीं येतांच त्यांत रोग शोधण्याची घाई होणार, हें आम्ही जाणून आहों. परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, नवशिक्यानें रोगाचें नांवहि न काढतां आधीं बरगड्या मोजण्यास शिकावें. हें काम क्षुल्लक वाटतें. तें तसें नाहीं.

सन १८९५ मध्यें जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर राँटजेन यांस या किरणांचा शोध लागला. त्यामुळें जिवंत देहाचा आंतील भाग दिसूं लागला खरा. पण दिसणें निराळें आणि ओळखणें निराळें. मनुष्याच्या छातीस दोहों बाजूंस बहुधा बारा बारा बरगड्या असतात. चित्रांत मात्र छातीची पुढची व मागची बाजू एकाच पटावर येऊन पडते आणि रेषांचें जाळें होतें. बरगडीचा पाठीकडील भाग कण्यापासून निघून बराचसा आडवा जातो व ठसठशीत दिसतो. पुढील भाग तिरपा खालीं उतरतो व मध्येंच संपल्यासारखा भासतो. कारण त्यापुढील कूर्चा सहसा चित्रांत उमटत नाहीं.

मोजणीचा आरंभ पहिल्या बरगडीपासून करावा. ती आंखूड, रुंद व पुष्कळ वांकलेली असते. हांसळीच्या हाडाच्या आंतील टोंकाखालीं तिचें पुढचें टोंक सांपडतें. तेथून बाहेरच्या बाजूनें वर वळत कण्यापर्यंत जावें, आणि मग कण्याच्या कडेनें एकेक बरगडी उतरत यावें. रोग्यानें श्वास भरपूर घेतला असेल, तर छातीच्या पडद्यावर मागील सुमारें नऊदहा व पुढील सुमारें सहा बरगड्या मोजतां येतात. अर्थात् ‘सहाव्या बरगडीजवळ छाया आहे’ एवढेंच म्हणणें अपुरें होय; पुढची कीं मागची, हें न सांगितल्यास जागा पार बदलते.

पहिली बरगडी जेथें कूर्चेस मिळते, तेथें वयोमानानें चुना सांचतो व त्याची छाया फुप्फुसांतील गांठीसारखी दिसूं शकते. ज्यास बरगडी ओळखतां येत नाहीं, तो निरोगी मनुष्यास क्षयाची वा कर्करोगाची धास्ती घालील. उलटपक्षीं, हाडाआड दडलेली खरी छाया हाड समजून सोडूनहि देईल.

न मोजतां विश्वास ठेवण्याची खोड जुनीच आहे. देवानें आदामाच्या फासळीपासून स्त्री घडविली, या उत्पत्तीच्या पुस्तकांतील वृत्तांतावरून पुरुषास एक फासळी कमी असते, अशी समजूत युरोपांत रूढ झाली होती. वेसालियस यानें १५४३ सालच्या आपल्या ग्रंथांत स्त्रीपुरुषांच्या फासळ्या सारख्याच असल्याचें सांगितलें. आदामाच्या वंशजांस एक फासळी कमी आहे, असें पवित्र शास्त्रांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. न मोजणाऱ्यांनीं तें त्याच्या माथीं मारलें. मोजल्यानें श्रद्धेस बाध आला नाहीं.

आज त्या खोडीस नवें निमित्त मिळालें आहे. आतां संगणकहि हीं चित्रें वाचतो. पंधरा वर्षें व त्यावरील व्यक्तींच्या क्षय-तपासणींत त्याचा उपयोग करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें केली. जेथें तज्ज्ञ पोंचत नाहींत, त्या खेड्यांस हें साधन उपकारकच आहे, व त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु म्हणून बरगड्या मोजण्याचे श्रम आतां व्यर्थ, असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. यंत्रानें दाखविलेली छाया खरी कीं हाडाची, हें ज्यास स्वतः पाहतां येत नाहीं, तो वैद्य नव्हे, निरोप्या होय.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, विद्यार्थ्यांनीं प्रथम निरोगी माणसांचीं पांचपन्नास चित्रें घ्यावींत, आणि प्रत्येकांतील बरगड्या, उजव्या व डाव्या, मोजून मगच पुढें जावें. रोगी आपला देह ज्याच्या हातीं विश्वासानें सोंपवितो, त्यानें एवढे कष्ट घेणें हें त्याचें कर्तव्यच आहे.