मनाची विचारपूस

दसरा सरला की पाटोदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, पोरांच्या शाळेची आबाळ, घरी राहिलेली म्हातारी माणसं, या सगळ्याचा भार मनावर पडतो. त्यासाठी डॉक्टरकडे जाणारे मात्र विरळच.

शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा, २०१५ मध्ये, शासनाने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. पाटोद्याचा बीड जिल्हा त्यांत आहे. आशाताईने ओट्यावर टेकून ‘झोप लागते का? जेवण जातं का?’ असं विचारायचं आणि गरज दिसली तर समुपदेशकाची वाट दाखवायची, ही त्यामागची कल्पना. ती चालते. विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावकऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन हे काम झालं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

पाटोद्यात हेच हवं, पण ऊसतोडीचं वेळापत्रक धरून: टोळी निघण्याआधी एक भेट, परतल्यावर दुसरी आणि फडावर प्रत्येक कोयत्यापाशी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यापाशी, ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक. आशाताईंवर हे काम टाकायचं तर त्याचा वेगळा मोबदलाही द्यावा. नुसत्या सत्काराच्या शालीवर हे काम चालणार नाही.

— संपादक