गडाखालचा अंधार

आमचा एक जुना विद्यार्थी सध्या वेल्समधील कार्डिफ येथे उच्च शिक्षणासाठी राहिला आहे. तो मूळचा सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा. पदवीपर्यंतची वर्षे त्याने साताऱ्यास आमच्या वर्गात काढली. मागील महिन्यात त्याचे लांबलचक पत्र आले. एका रविवारी सोबत्यांसह तो जवळचे दोन किल्ले पाहून आला होता, त्याची ती हकीकत होती. केअरफिलीचा किल्ला गिल्बर्ट द क्लेअर नावाच्या सरदाराने वेल्सच्या लूएलिन या राजपुत्राच्या धास्तीने १२६८ साली बांधावयास घेतला. ओढे अडवून भोवती तळी केली. तटाच्या आत दुसरा तट उभारला. त्याचा एक बुरूज पडेल की काय असे वाटण्याइतका कललेला आहे, आणि तो तसाच कललेला राखला आहे. हे सारे मुलाने हाताने काढलेल्या नकाशासह लिहिले होते. पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य होते: “सर, बाणूरगड आमच्या गावाहून दोन तासांच्या वाटेवर आहे, पण त्याच्याविषयी मला यातले चार शब्दही लिहिता येणार नाहीत.”

हे पत्र आम्ही आमच्या स्नेहीमंडळीत वाचून दाखविले. एक गृहस्थ उसळून म्हणाले, “घरचे गड टाकून साहेबाच्या कोटांचे कौतुक! हेच का तुमचे शिक्षण?” दुसरे गंभीरपणे म्हणाले, “आपल्या गडांना नकाशे कशाला हवेत? ते आपल्या रक्तात आहेत.” ही दोन्ही मते आमच्या प्रांतात इतकी रूढ आहेत की, त्यांचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

पहिल्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. परक्याचे घर नीट पाहिल्यावाचून आपल्या घराची अवकळा पुष्कळदा दिसत नाही. त्या मुलाला बाणूरगडाची आठवण केअरफिलीच्या तटावर झाली, हा त्याच्या सहलीचा दोष की लाभ, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

दुसरे मत अधिक घातक आहे, कारण ते ऐकावयास गोड लागते. केअरफिलीचा कोट वेल्सच्या लोकांच्या रक्तात नाही. किंबहुना त्यांच्या पूर्वजांना दाबून ठेवण्यासाठीच तो उभा राहिला. तरीही आज तो वेल्स सरकारची संस्था सांभाळते. १९८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे नाव ‘कादू’, आणि वेल्श भाषेत त्याचा अर्थच मुळी ‘जतन करणे’ असा आहे. शत्रूचा कोट माणूस इतक्या निगुतीने जपतो, तो अभिमानापोटी खास नव्हे. तो काय होता व कसा चालत होता, हे समजून घेण्याची त्याला इच्छा असते म्हणून जपतो. आम्हांला अभिमान उदंड आहे. या इच्छेचा तेवढा दुष्काळ आहे.

याची परीक्षा कोणीही घ्यावी. साताऱ्याच्या कोणत्याही चौकात अजिंक्यताऱ्याचा जयजयकार करणारे शेकड्यांनी मिळतील. त्यांना विचारावे की, औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात या गडाला वेढा घातला तेव्हा आत किल्लेदार कोण होता? प्रयागजी प्रभूचे नाव किती जण घेतील? मोगलांनी उडविलेल्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूस कोसळून त्यांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये गड पडला व शाहजादा आझमच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ असे नामकरण झाले. हे जाणणारे किती? आणि १७०८ साली ज्या साताऱ्यास शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला, त्या साताऱ्याचे पदवीधर तरी ही हकीकत सांगू शकतील काय? बाणूरगडाचे, म्हणजे जुन्या भूपाळगडाचे, तेच. दिलेरखानाने १६७९ साली तो घेतला, तेव्हा किल्लेदार चाकण लढविणारा फिरंगोजी नरसाळा होता आणि संभाजीराजे खानाच्या छावणीत होते. असा प्रसंग ज्या डोंगरावर घडला, त्याच्या पायथ्याचा मुलगा चार शब्द लिहू शकत नाही! रक्तात असलेले ज्ञान ते हेच काय?

येथे कोणी म्हणेल, दोष सरकारचा आहे. सरकारचा असेल तेवढा त्याच्या पदरी जाऊ द्या. आमच्या पदरचा आम्ही आज मोजीत आहो. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे ‘मॅकबेथ’ शिकविले. त्या स्कॉटिश सरदाराच्या गढीवर पाकोळ्यांनी बांधलेल्या घरट्यांचे मर्म अर्धा-अर्धा तास विशद केले. त्या वेळी वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, आणि एकाही वर्गाला घेऊन आम्ही तो चढलो नाही. गडाची देवडी कोठे, पाण्याची टाकी किती, तटाच्या जंग्यांचा रोख कोणत्या वाटेवर, हे त्या मुलाला कोणी शिकवावयाचे होते? त्याच्या अज्ञानाचे जनकत्व आमच्याकडे येते.

आणि आम्हांस पुढे उदाहरण नव्हते असेही नाही. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाचीच नोकरी करीत पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड सिद्ध केले. साताऱ्यास पारसनिसांनी ऐतिहासिक कागद व चित्रे आयुष्यभर जमविली. या मंडळींपाशी आमच्याइतकी साधने नव्हती आणि आमच्याइतका पगार तर नव्हताच.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. तथापि त्या बारांत सातारा जिल्ह्यातील एकटा प्रतापगड आहे. सांगली जिल्ह्यातील एकही नाही. यादीबाहेरच्या अजिंक्यताऱ्याचे, वसंतगडाचे, मच्छिंद्रगडाचे, बाणूरगडाचे वाली कोण? सुट्टीच्या दिवशी घमेली घेऊन टाक्यांतला गाळ उपसणारे तरुण आहेत, त्यांना आमचा नमस्कार असो. परंतु त्यांच्या उत्साहाला ज्ञानाची जोड न मिळाल्यास उद्या हाच उत्साह जुन्या चिऱ्यांवर सिमेंट थापील आणि कधी नव्हतीच अशी कमान उभी करील. या बाबतीत तिकडचेही सारे अनुकरणीय नाही. आमच्या विद्यार्थ्याने पाहिलेला दुसरा किल्ला, कास्टेल कोख, हा जुन्या अवशेषांवर एका धनाढ्य सरदाराने १८७५ नंतर उभारविलेला कल्पनाविलास आहे. दिसतो तो फार सुंदर. मात्र त्यात तेराव्या शतकाचे किती आणि एकोणिसाव्याचे किती, हे माहीतगारावाचून कळावयाचे नाही. तो मोह टाळून कललेला बुरूज कललेलाच ठेवणे, यातच खरी भक्ती आहे.

आमची मागणी लहानशी आहे. या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक महाविद्यालयाने एकेक गड आपला मानावा. वर्षातून एक दिवस विद्यार्थ्यांना टेप व वही देऊन तेथे न्यावे; तट, टाकी, दरवाजे मोजावेत; कागदपत्रांत त्या गडाविषयी जे सापडेल ते ताडून पाहावे; आणि पाच-सात वर्षांत त्या गडाचे चोख मराठीतले, दंतकथा व इतिहास वेगवेगळे मांडणारे एक लहानसे पुस्तक सिद्ध करावे. याला अनुदान लागत नाही. अध्यापकाचे पाय लागतात.

त्या मुलाच्या पत्राला आम्ही उत्तर धाडले आहे. “तिकडचे आणखी किल्ले पाहा आणि असेच बारकाईने लिही. सुट्टीत आलास की आपण बाणूरगड चढू. नकाशा तू काढ. फिरंगोजीचे प्रकरण आम्ही तोवर वाचून ठेवतो. चढताना आम्हांस दम लागेल, तेवढे मात्र सांभाळून घे.”