नमुन्यातून सुटलेली मुले

लघुप्रबंधांचे आराखडे समितीपुढे येण्याचे हे दिवस. एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय आणि मुलांचे स्वास्थ्य हे विषय आपलेसे वाटू लागले आहेत, ही मोलाची गोष्ट आहे. मार्गदर्शकांना आमचे एवढेच सांगणे, की शीर्षकाआधी नमुना पाहा.

आपल्याकडे माहिती संकलन बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. वार्षिक परीक्षा लांब असते, शाळा परवानगी देतात. उसाचा गळीत हंगामही तेव्हाच भरात असतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. सोबत मुलेही जातात. संशोधक जानेवारीत वर्गात मापिका वाटतो, हजर मुले ती भरतात आणि ‘सार्थक फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो. ज्यांच्या आयुष्यात तो फरक आहे ती मुले त्या दिवशी उसाच्या फडावर असतात. हजेरीपटावर त्यांची नावे आहेत, प्रबंधात ती कुठेच नाहीत. गणित बिनचूक असूनही असा निष्कर्ष अन्यायाला आधार देतो.

दहा-अकरा वर्षांची मुलगी फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, उसाचे वाढे बांधायला हात लावते. तिची अर्धवट झोप, दिवसभर एकटे राहण्याची भीती, परतल्यावर वर्गात मागे पडल्याची लाज, हे सगळे स्वास्थ्यातच येते. पाचबिंदू मापिकेत त्यातले फार थोडे मावते. तिच्याशी बोलावे लागेल, तिच्या सवडीने आणि तिच्या बोलीत.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेच्या पैशाचा लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो, हे ठणकावून मांडले. प्राथमिक शिक्षक लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, असेही सुचवले. हाच निकष संशोधकाला लावायला हवा. ऊसतोड कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याने आपल्याच वस्तीचा विषय मांडला, तर वस्तुनिष्ठतेचे कारण देऊन त्याला परतवू नका. आणि जायचे ते मुलांपर्यंत. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती.

२०१५ साली एम.एड. दोन वर्षांचे झाले. एवढ्या अवधीत तीच मुले सप्टेंबरात गावी, जानेवारीत फडावर आणि जूनमध्ये पुन्हा वर्गात भेटू शकतात. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांचे काय होते, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४नुसार वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण खरोखर मिळते का, हे शोधण्याजोगे प्रश्न आहेत.

संमतीच्या बाबतीत मात्र आपण फार ढिले आहोत. फडावर मुकादमाने ‘हो’ म्हटले की भागले, असे नाही. पालकांची संमती हवी आणि मुलाचीही. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन मुलाला देता येत नाही, कारण लैंगिक अत्याचार कळल्यास पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार बंधनकारक आहे. मूल बोलता बोलता गप्प झाले तर मुलाखत कुठे थांबवायची, १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन कोणी करायचा, त्यानंतर मुलासोबत कोणी राहायचे, हे विद्यार्थ्याला फडावर धाडण्याआधी आराखड्यात लिहून घ्या. ते पान नसेल, तर आराखडा मंजूर करू नका.