माणूस आत असेल, तर दाराला कुलूप नको!

कामगार बंधू-भगिनींनो आणि मालकांनो,

९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होते. पाचही जण गेले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्यात बारा जण गेले. ३१ डिसेंबर २०२३ ला वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात सहा. हेही पहाटे, कामाच्याच जागी झोपलेले. आणि जून २०२१ मध्ये मुळशीच्या उरवड्यातल्या कारखान्यात भरदिवसा कित्येक जण गेले, त्यांत बहुतेक बाया. तिथे जेसीबीने भिंत फोडावी लागली.

दर वेळी चर्चा होते ती शॉर्टसर्किटची. आम्ही दाराबद्दल विचारतो आहोत. आग लागल्यावर माणसाला बाहेर पडायला वाट होती का?

मालक सांगतात, कुलूप चोरीच्या भीतीने लावतो. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातही जिन्याचे एक दार बंद असे. सगळे कामगार एकाच दाराने बाहेर पडले की पिशव्या तपासता येत. २५ मार्च १९११ रोजी तिथे आगीत १४६ जीव गेले. चोरीची भीती असेल तर पहारेकरी ठेवा, मालाचा विमा उतरवा. माणसे कोंडायचा हक्क तुम्हाला कोणी दिलेला नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ ने सुटकेची सुरक्षित वाट ठेवा आणि ती कामगारांना माहीत करून द्या, असे बजावले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. दाखले दिले जातात. मागच्या दारापुढची खोकी मात्र तिथेच असतात, खिडकीचे गज तसेच, आणि वीज गेली की विजेवरचे शटर हलत नाही. धुरात हातभर अंतरावरचे दिसत नाही. अशा वेळी ठेकेदाराकडून कालच आलेल्या पोराने दुसरा जिना शोधायचा कसा? त्याचे नाव हजेरीपटावर नसेल, तर तो आत राहिलाय हे बाहेर कोणाला कळणार?

म्हणून आमची मागणी अशी: आत एकही माणूस असेल तोवर प्रत्येक दार आतून, किल्लीवाचून उघडले पाहिजे. दुसरी वाट हवीच, आणि ती रोज मोकळी हवी. बाहेर पडण्याचा सराव रात्रपाळीलाही घ्या, दिवे मालवून घ्या, आणि बाहेर जमल्यावर ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांची मोजणी करा. माळ्यावर, गोदामात माणसे झोपवणे आजपासून बंद करा; राहायची सोय वेगळी द्या.

कामगारांनो, उद्या पाळी सुरू होण्याआधी मागचे दार स्वतः ढकलून बघा. उघडले नाही, तर सगळ्यांच्या सह्यांचे पत्र मालकाला द्या आणि पोच घ्या. तरी कुलूप निघाले नाही, तर त्याच पत्राची प्रत अग्निशमन दलाकडे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पाठवा.