खटपट-कोपरा : फोनच्या आवाजाची डबी घ्यावी का?

काय दोस्तांनो, वही-पेन्सिल जवळ आहे ना? आज थोडी आकडेमोड करायची आहे. घाबरू नका, भागाकार आणि दहाचा पाढा येत असला की झालं!

या आठवड्याच्या टपालात नववीतल्या एका दोस्ताचं पत्र आहे. तो लिहितो, "ताईचे वायरवाले, मोठ्या गाद्यांचे हेडफोन घरात पडून आहेत. एकदम फर्स्टक्लास आहेत. पण आमच्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही! दुकानदारकाका म्हणतात, ब्लूटूथची डबी घे. तिच्यात ॲम्प्लिफायर असतो, आवाज दणदणीत येईल. माझे शिष्यवृत्तीचे पैसे आहेत, पण ते सगळे त्यात जातील. घेऊ का?"

प्रश्न फक्त डबीचा नाही. मेहनतीनं मिळवलेल्या पैशांचा आहे आणि दोन कानांचाही आहे. म्हणून घाईनं 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापेक्षा आधी डबी उघडून पाहू. मनातल्या मनात हं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन नको!

भोक गेलं कुठे?

हेडफोनची पिन फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका-पुरुष एकाचा फोन दुसऱ्याला जोडताना मोठ्या पिना खोचत. ती पिन पुढे बारीक होत होत ३.५ मिलिमीटरची झाली. १९७९ साली वॉकमन आला आणि ही बारकी पिन जगभर पोचली. मग २०१६ साली ॲपल कंपनीनं आयफोन ७ मधून हे भोक काढून टाकलं. पाठोपाठ इतर कंपन्यांच्याही बऱ्याच फोनमधून ते गेलं. पण घरोघरचे चांगले हेडफोन काही त्याबरोबर बिघडले नाहीत. त्यांना फोनशी पुन्हा जोडून द्यायचं काम ही डबी करते.

एक गोष्ट आधीच पक्की करा. ही डबी वायरच्या हेडफोनसाठी आहे. बिनवायरच्या हेडफोनच्या पोटात असाच सगळा कारखाना आधीपासून असतो. त्याला वेगळी डबी लागत नाही.

डबीच्या पोटात तीन कारागीर

पूर्वी रेल्वेनं लांब जाताना लोक अंथरुणाची वळकटी बांधत. गादी, चादर, उशी सगळं घट्ट गुंडाळायचं, पट्टे आवळायचे आणि मुक्कामी पोचलं की सोडायचं. फोन गाण्याचं नेमकं हेच करतो. गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट असतात. एवढं ओझं ब्लूटूथच्या वाटेनं नीट जात नाही. म्हणून फोन त्याची वळकटी बांधतो आणि रेडिओ लहरींवरून डबीकडे पाठवतो.

डबीतला पहिला कारागीर ही वळकटी सोडतो. दुसऱ्याला म्हणतात डॅक. तो आकड्यांचं रूपांतर विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबात करतो. तिसरा आपला ॲम्प्लिफायर. तो या नाजूक विजेला बळ देतो. हेडफोनमधली तारेची गुंडाळी त्या बळानं पडदा हलवते, पडदा हवा हलवतो आणि आपल्या कानात गाणं वाजतं!

वळकटी बांधायच्या तऱ्हा

वळकटी बांधायच्या पद्धतीला 'कोडेक' म्हणतात. 'एसबीसी' हा कोडेक गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला यावाच लागतो. त्याशिवाय एएसी, ॲप्टएक्स आणि सोनी कंपनीनं काढलेला एलडॅक असे प्रकार आहेत. एलडॅक दर सेकंदाला जास्तीत जास्त ९ लाख ९० हजार बिट नेतो. ॲप्टएक्सचा साधा प्रकार सुमारे साडेतीन लाख नेतो.

आता गंमत ऐका. बांधणारा आणि सोडणारा, दोघांनाही एकच पद्धत आली पाहिजे. डबीला एलडॅक येतो आणि फोनला येत नाही, तर दोघं मुकाट्यानं एसबीसी किंवा एएसीवर येतात. एलडॅकसाठी दिलेले जादा पैसे पाण्यात! आयफोनला एसबीसी आणि एएसी येतात, एलडॅक आणि ॲप्टएक्स येत नाहीत. ॲण्ड्रॉइडमध्ये एलडॅकची सोय २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून आली. तरी आपल्या फोनमध्ये काय आहे, ते आपणच तपासायचं.

शिवाय इंटरनेटवरून ऐकायची बहुतेक गाणी मुळातच दाबून बारीक केलेली असतात. नळालाच पाणी कमी असेल, तर मोठी बादली आणून काय उपयोग?

आता काढा वही

डबीची खरी गरज आहे का, हे हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे सांगतात. पहिला आकडा ओममध्ये असतो. तो म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो. दुसरा डीबी म्हणजे डेसिबलमध्ये असतो. १ मिलिवॅट शक्ती दिली तर आवाज किती होईल, हे तो सांगतो. (काही कंपन्या हा आकडा १ व्होल्टसाठी छापतात. तेव्हा एकक नीट वाचा बरं का!)

पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. ओम जास्त म्हणजे नळी अरुंद. अरुंद नळीतून पाणी काढायला दाब जास्त लागतो.

समजा, ताईच्या हेडफोनवर ३२ ओम आणि १०० डीबी लिहिलंय. फोनला लावायच्या छोट्या वायरच्या जोडणीतून फक्त अर्धा व्होल्ट मिळाला, तरी किती शक्ती मिळेल? व्होल्टचा वर्ग भागिले ओम. ०.५ चा वर्ग ०.२५. भागिले ३२. उत्तर येतं ०.००७८ वॅट, म्हणजे जवळजवळ ८ मिलिवॅट.

आता डेसिबलचा नियम : शक्ती दुप्पट झाली की ३ डीबी वाढतात, दहापट झाली की १० वाढतात. १ मिलिवॅटला १००, २ ला १०३, ४ ला १०६, ८ ला १०९. म्हणजे अर्ध्या व्होल्टमध्येच १०९ डेसिबल! कानाला एवढा आवाज कधीच नको असतो. मग ॲम्प्लिफायरचा दणदणीतपणा ओतायचा कुठे?

दुसरं टोक बघा. सेनहायझर कंपनीचे एचडी ६०० हे हेडफोन ३०० ओमचे आहेत. १ मिलिवॅटला त्यांचा आवाज ९२ डीबीच्या आसपास येतो. अर्ध्या व्होल्टमध्ये त्यांना एक मिलिवॅटही मिळत नाही, आवाज ९१ च्या आसपास अडतो. नेहमीच्या ऐकण्याला तेवढाही चालेल. पण वाद्यवृंदाच्या रेकॉर्डमध्ये हळू वाजणाऱ्या व्हायोलिनमागून एकदम नगाऱ्याचा ठोका येतो ना, तिथे जरा ताकद हाताशी हवी. अशा हेडफोनला ॲम्प्लिफायर खरंच कामाला येतो.

मग घ्यायची की नाही?

ताईचे हेडफोन ३२ ओमच्या आसपासचे असतील आणि तू एका जागी बसून ऐकणार असशील, तर पहिली निवड डबी नाहीच. फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारी छोटी वायरची जोडणी पुरते. ती डबीपेक्षा बरीच स्वस्त असते, तिला बॅटरी लागत नाही, वळकटी बांधायची भानगडही नाही. घेताना एवढंच बघ, की तिच्यात डॅक आहे. डॅक नसलेल्या जोडण्या सगळ्या फोनवर चालत नाहीत.

डबी कुणासाठी? ज्याला फोन टेबलावर ठेवून घरभर फिरायचंय, फोन चार्ज होत असताना ऐकायचंय, किंवा ज्याचे हेडफोन हट्टी आहेत त्याच्यासाठी. फिओ कंपनीची बीटीआर मालिका, क्युडेलिक्स ५के अशा डब्या याच जातीच्या. काडेपेटीच्या आगेमागे आकार, शर्टाला अडकवायला क्लिप. कामाच्या आहेत, पण आपलं काम कोणतं ते आधी ठरवा.

खिशात ठेवायची चिठ्ठी

डबीच घ्यायचं ठरलं, तर दुकानात हे विचारा :

१. माझ्या फोनला येणारा चांगला कोडेक डबीला येतो का?

२. शक्ती किती मिलिवॅट, आणि किती ओमला? '३२ ओमला' आणि '१६ ओमला' हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

३. तो आकडा ३.५ मि.मी.च्या साध्या भोकाचा आहे का? काही डब्यांना २.५ किंवा ४.४ मि.मी.चं 'बॅलन्स्ड' भोकही असतं. त्यातून शक्ती जास्त मिळते आणि जाहिरातीत तोच मोठा आकडा झळकतो. पण त्यासाठी हेडफोनची वायरही तशीच लागते.

४. बॅटरी किती तास? छापलेल्या तासांपेक्षा थोडे कमीच धरा. आवाज आणि कोडेक वाढला की तास घटतात.

५. बोलायला माइक आहे का? डबी वायर लावून कॉम्प्युटरलाही चालते का?

६. पक्कं बिल आणि गॅरंटी मिळेल का? पसंत नाही पडली तर परत घेतील का?

फोनवर गेम खेळणाऱ्यांनो, एक गोष्ट. वळकटी बांधण्या-सोडण्यात थोडा वेळ जातो. चेंडू बॅटला आधी लागतो आणि 'टक्' मागून येतो. गाण्याला फरक पडत नाही, खेळात मात्र चिडचिड होते. तिथे वायरच बरी.

कान दुसरे मिळत नाहीत

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या हजारो इवल्या केसपेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या थकतात, आणि फार झालं की मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. दुखतही नाही, त्यामुळे कळतही नाही!

जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी मर्यादा सांगितली आहे : ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास. मोठ्यांसाठी ८० डेसिबल, ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच. आणि ९० ला? सव्वा तास. दिवसाला नव्हे, अख्ख्या आठवड्याला!

म्हणून 'दणदणीत' हा डबीचा गुण समजू नका. बसच्या घरघराटात गाणं ऐकू येत नाही, म्हणून आपण आवाज चढवतो. त्यापेक्षा कानाभोवती नीट बसणारी बंद गादी बाहेरचा आवाजच अडवते, मग कमी आवाजातही गाणं स्पष्ट लागतं. रस्ता ओलांडताना, सायकलवर किंवा रुळांजवळ मात्र हेडफोन कानावर नकोतच.

डबीवर 'लो' आणि 'हाय' गेनचं बटण असेल, तर लो वर ठेवा. गाणं आधी सुरू करा, आवाज शून्यावर आणा, मग हेडफोन कानावर चढवा आणि हळूहळू वाढवा. फोनमध्ये आवाजाची वरची मर्यादा ठरवायची सोय असेल, तर ती लावून टाका.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलानं हेडफोन लावलेत आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही, तर आवाज जास्त असण्याची शक्यता आहे. ऐकून झाल्यावर कानात 'कुँई' वाजतंय असं तो म्हणाला, तर कानांना विश्रांती द्या. पुन्हा पुन्हा होत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आवाजाची मर्यादा घरात एकट्या मुलासाठी नको, सगळ्यांसाठीच ठेवा.

तर नववीतल्या दोस्ता, आधी ताईच्या हेडफोनवरचे दोन आकडे वाच. कुणाकडून तरी वायरची जोडणी एक दिवस उसनी आण आणि ऐकून बघ. तेवढ्यात मन भरलं, तर उरलेल्या पैशांत पुस्तकं येतील, सहल होईल, नाहीतर बँकेत राहतील. नाहीच भरलं, तर वरची चिठ्ठी घेऊन ताईला बरोबर ने.

या आठवड्याचं कोडं

एका हेडफोनवर १६ ओम आणि १०६ डीबी (१ मिलिवॅटला) लिहिलंय. त्याला ०.४ व्होल्ट दिले, तर शक्ती किती मिलिवॅट आणि आवाज किती डेसिबल? पोस्टकार्डावर आकडेमोडीसकट पाठवा. नुसतं उत्तर चालणार नाही! उत्तर पुढच्या अंकात.