माणूस सोडवायचा की माल?

गेल्या वर्षी वस्तीतला एक पोरगा आत गेला. मारामारीची केस. मी जामीनदार म्हणून उभा राहायला गेलो. पगाराची स्लिप आण, म्हणाले. रोजावरच्या गोदी कामगाराला कसली स्लिप? परत पाठवलं. पोरगा अडीच महिने सडला.

आम्ही गोदीत 'माल सोडवला' म्हणतो. कोर्टात 'माणूस सोडवला' म्हणतात. शब्द एक, पण मला फरक कळायचा. अमेरिकेतल्या जामिनाबद्दल वाचलं तेव्हा कळलं, तिथं हा फरक पुसून टाकलाय.

दोस्तांनो, तिकडे जामीन हा धंदा आहे. कंपनी आरोपीकडून साधारण दहा टक्के फी घेते आणि कोर्टाला हमी देते. फी परत नाही. आरोपी तारखेला आला नाही तर पूर्ण रक्कम कंपनीच्या बोडक्यावर. मग कंपनी त्याच्या मागावर माणूस सोडते. त्याला म्हणतात बाऊंटी हंटर. पकडून आणलं तर रकमेतला हिस्सा, नाहीतर दमडी नाही.

तुम्ही म्हणाल, हा गुंड झाला. नाही. गुंड कायदा मोडतो, याच्या पाठीशी कायदा उभा आहे. १८७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'टेलर विरुद्ध टेंटर' खटल्यात लिहून ठेवलं : जामीनदार आरोपीला वाटेल तेव्हा पकडू शकतो, दुसऱ्या राज्यात जाऊन पकडू शकतो, गरज पडली तर त्याच्या घराचं दार फोडू शकतो. नवं वॉरंट नको. आणि गंमत ऐका. त्या खटल्यात कुणी कुणाचं दार फोडलंच नव्हतं! आरोपीला दुसऱ्याच राज्याने नेलं, आता जामीनदारांनी पैसे भरायचे की नाही, एवढाच वाद. दार फोडायची गोष्ट जाताजाता लिहिली गेली. त्या चार ओळींवर दीडशे वर्षं दारं फुटतायत.

पोलीस दारात आला तर त्याला संविधान आडवं येतं. हंटर खासगी माणूस, म्हणून बहुतेक कोर्टं त्याला ते बंधन लावत नाहीत. वर ऐकवतात, करारावर सही केली होतीस ना? च्यायला, एक पाय तुरुंगात असलेल्या माणसाची सही ती! तो कशावर सही करणार नाही?

आता १८७२ हे साल बघा. गुलामी कागदावर संपली १८६५ ला. त्याआधी १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा होता. पकडलेल्या काळ्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची बंदी. कमिशनरने त्याला मालकाकडे धाडलं तर फी १० डॉलर, सोडलं तर ५. जामिनाचा कायदा इंग्लंडहून आला, त्याचं कूळ वेगळं, मान्य. पण हिशोब तोच. पळालेला माणूस म्हणजे कुणाच्यातरी पैशाचा तोटा, आणि तो तोटा वसूल करायला हात उचलायची मुभा.

मर्यादा आहेत, असं वकील सांगतील. चुकीचा माणूस उचलला, तिऱ्हाइताच्या घरात घुसला, गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं, तर हंटरवर खटला होतो. काही राज्यांत परवाना लागतो. खरंय. पण हा सगळा विचार दार फुटल्यावर. आधी विचारणारा कुणी नाही. केंटकी राज्याने १९७६ साली हा धंदाच बंद केला. इलिनॉयमध्ये तो आधीपासून बंद होता. २०२३ साली त्यांनी पैशाचा जामीनच मोडीत काढला. म्हणजे बंद करता येतं.

आपल्याकडे जामीनदाराला जबाबदारी नको झाली तर तो मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतो. वॉरंट कोर्ट काढतं. हे बरं आहे. पण छाती फुगवू नका. आपल्याकडे गरीब माणूस पळायला बाहेर तर यावा लागतो! १९७८ साली एका गवंड्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. सुप्रीम कोर्टाने हे झोडपून काढलं. तरी आज माझ्याकडे स्लिप मागतात.

समजा, त्या दिवशी मला घेतलं असतं आणि पोरगा पळाला असता. अमेरिकेचा कायदा मला म्हणाला असता, जा, त्याचं दार फोड, बखोट धरून आण, तो तुझा आहे. नको मला हा हक्क. पोरगा माझा माल नाही. मी त्याची ओळख द्यायला उभा राहिलो होतो. पळालेल्याला पकडायचंच असेल तर ते सरकारने करावं. वॉरंट दाखवून, छातीवर नाव लावून, आणि जास्त मारलं तर जाब देऊन. माणूस धरायचं काम दलालीवर देऊ नका. आणि गरिबाला सोडताना त्याची मालमत्ता बघू नका, तो तारखेला येईल की नाही ते बघा.