दप्तर मिटण्याची रीत

विदर्भांतील एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या सूनबाई एका कचेरीचा डेटाबेस सांभाळतात. महिन्यांतून एखाद्या रात्रीं दोन वाजतां उठून त्यांस सर्व्हर बंद करून पुन्हां चालू करावा लागतो, आणि त्यांत दीड-दोन तास मोडतात. दिव्याची कळ दाबण्यासारखें जें काम, त्यास एवढा खटाटोप कशाला? प्रश्नांत सूनबाईंच्या झोपेची काळजी आहे, तशी किंचित् शंकाही आहे. काळजीबद्दल आम्हांस आदर वाटतो. शंकेविषयीं मात्र थोडें लिहिलें पाहिजे. कारण ती एके काळीं आमचीही होती, आणि तिची किंमत आम्हीं मोजलेली आहे.

ज्यांनीं घरांत जुन्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या असतील त्यांस ही गोष्ट लवकर उमजेल. दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दींत चढतो. खतावणी मागाहून, सवडीनें होते. डेटाबेस सर्व्हर हाच क्रम पाळतो. एकाच वेळीं अनेक माणसें त्याच्याशीं बोलत असतात. त्यांनीं कायम केलेला प्रत्येक फेरफार तो आधीं आपल्या रोजकीर्दींत पक्का नोंदतो. मूळ पानें मात्र स्मृतींत बदलून ठेवतो आणि यथावकाश तबकडीवर उतरवितो. म्हणून चालत्या सर्व्हरची खतावणी कोणत्याही क्षणीं उघडून पाहिली तर ती अर्धवट असावयाचीच. नीट बंद करणें म्हणजे आलेल्यांस निरोप देणें, खतावणी पुरी करणें, आणि मग कुलूप घालणें.

पोस्टग्रेस या डेटाबेसचें उदाहरण घेऊं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत १९८६ सालीं त्याचें काम सुरू झालें. तो विनामूल्य मिळतो, म्हणून लहानसहान संस्थांसही परवडतो. त्यास मिटावयास सांगण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला 'स्मार्ट': नव्या पाहुण्यांस दार बंद, पण आंत बसलेला प्रत्येकजण आपण होऊन उठेपर्यंत थांबावयाचें. दुसरा 'फास्ट': आंतील मंडळींस उठवावयाचें, त्यांचे अर्धवट व्यवहार रद्द करावयाचे, आणि खतावणी पुरी करून मिटावयाचें. तिसरा 'इमीजिएट': खतावणी तशीच टाकून निघून जावयाचें, मग पुढच्या वेळीं उघडतांना रोजकीर्द वाचून सारें सांवरावें लागतें. प्रकार न सांगितल्यास पूर्वीं पहिलाच लागू होई. जानेवारी २०१६ मध्यें निघालेल्या ९.५ या आवृत्तीपासून दुसरा लागू होतो. हा बदल दोन वर्षें आधीं झाला असता तर आमच्या पुढील हकीकतीस कारणच पडलें नसतें.

आम्ही एका जुन्या वाचनालयाच्या व्यवस्थापक मंडळावर होतों. तेथील ग्रंथसूची पोस्टग्रेसमध्यें असे. एका हौशी तरुणानें शेल-स्क्रिप्ट लिहून दिली होती. शेल म्हणजे युनिक्स जातीच्या यंत्रास हुकूम देण्याची जागा, आणि स्क्रिप्ट म्हणजे ते हुकूम एकाखालीं एक लिहून ठेवलेला कागद. रोज रात्रीं अकरा वाजतां यंत्र तो आपला आपण वाची. कागदावर तीन ओळी होत्या: सर्व्हर बंद कर, त्याच्या साऱ्या फायलींची नक्कल दुसऱ्या तबकडीवर घे, सर्व्हर चालू कर. आम्हीं सर्वांनीं तो वाचून माना डोलाविल्या.

२०१३ च्या दिवाळीनंतर, सभासदांस घरबसल्या पुस्तक राखून ठेवतां यावें अशी सोय आम्हीं केली. त्या सोयीचा प्रोग्राम सर्व्हरशीं अखंड जोडलेला असे. हा पाहुणा कधीं उठतच नसे! सर्व्हर त्याच्यासाठीं ताटकळत बसे. 'बंद कर' म्हणणारा पीजी-सीटीएल हा हुकूम साठ सेकंद वाट पाहून, सर्व्हर मिटला नाहीं असें सांगून परते. युनिक्समध्यें प्रत्येक हुकूम संपतांना एक आंकडा मागें ठेवतो. शून्य म्हणजे काम झालें, दुसरा कोणताही म्हणजे झालें नाहीं. तो आंकडा पाहावा असें कागदावर कोठेंच लिहिलेलें नव्हतें. मग चालत्या सर्व्हरचीच नक्कल होई. जेवणें आटोपून सभासद पुस्तकें राखून ठेवीत असतांना एक पान अकरा वाजून दोन मिनिटांचें, तर दुसरें सहा मिनिटांचें असें उतरे. शेवटची ओळ जागा असलेल्यासच जागा हो म्हणे. त्या काळीं चालू करण्याचा हुकूम निकालासाठीं थांबत नसे, म्हणून तोही समाधानानें परते.

सकाळीं देवघेवीच्या मेजावर, सर्व्हर बंद होत आहे, असें उत्तर मिळे. शिपाई यंत्राची कळ दाबून तें बंद करी व पुन्हां चालू करी. मग सर्व ठीक. आठ महिने हा नित्यक्रम चालला. दार उघडावें, झाडून घ्यावें, उदबत्ती लावावी, यंत्राची कळ दाबावी! कां, असें एकानेंही विचारलें नाहीं, आम्हींही नाहीं.

२०१४ च्या आषाढांत मूळ तबकडी बिघडली. आम्ही निर्धास्त होतों, कारण सात रात्रींच्या सात नकला तयार होत्या. त्यांतली एकही धड निघाली नाहीं. दिवाळीच्या सुटींत बाजूस काढून ठेवलेली तेवढी शाबूत होती. देवघेव पावतीपुस्तकांवरून पुन्हां भरतां आली. पण एका वृद्ध गुरुजींनीं आपला संग्रह वाचनालयास दिला होता, आणि रोज दुपारीं येऊन प्रत्येक पुस्तकाविषयीं टिपण सांगितलें होतें: तें कोणाकडून आलें, समासांतलें अक्षर कोणाचें. अशीं तीनशेंवर टिपणें झालीं होतीं. यंत्रांत भरून झालें म्हणून मूळ चिठ्ठ्या आम्हींच रद्दींत दिल्या होत्या. त्यांस सांगावयास आम्हीच गेलों. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "आठवेल तेवढें पुन्हां सांगतों." नव्वद पुस्तकांपर्यंत सांगून झालें. पुढें त्यांची प्रकृति राहिली नाहीं.

नवा कागद एकेचाळीस ओळींचा आहे. त्यांत मिटण्याचा प्रकार 'फास्ट' असा स्पष्ट लिहिला आहे. मागें राहिलेला आंकडा पाहिला जातो. शिवाय सर्व्हरची स्थिति विचारून, चालू नाहीं या अर्थाचा ३ हा आंकडा मिळाल्यावरच नक्कल सुरू होते. चालू केल्यावर, दार खरोखर उघडलें कीं नाहीं, हें पीजी-इझरेडी या हुकुमानें विचारतात. एवढ्यांत कोठेंही अडलें तर कागद तेथेंच थांबतो आणि एका जबाबदार माणसाच्या फोनवर निरोप जातो.

एक गोष्ट त्यांत मुद्दाम नाहीं. 'किल' हुकुमास नऊ हा आंकडा जोडला कीं कोणताही प्रोग्राम जागच्या जागीं मरतो, आणि पुष्कळ उतावळे लोक सर्व्हर मिटेना म्हणजे तेंच करतात. त्यानें मुख्य प्रोग्राम मरतो, पण त्याचे हाताखालचे मागें राहूं शकतात. अशा वेळीं 'पोस्टमास्टर-पीआयडी' ही कुलुपाची फाईल पुसून नवा सर्व्हर उठविला तर एकाच खतावणींत दोन घरचे कारकून लिहूं लागतात. लिनक्सवर सेवा उठविणारा-निजविणारा सिस्टिमडी हाही, वेगळें न सांगितल्यास, नव्वद सेकंद थांबून असाच घाव घालतो. म्हणून पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकांत ही मुदत अमर्याद ठेवण्याचा नमुना दिला आहे.

आतां सूनबाईंचे दोन तास. मिटण्याचा हुकूम एका ओळीचा आहे. त्याआधीं कोण आंत आहे तें पाहणें, लांबलेले व्यवहार संपूं देणें, खतावणी आधींच बरीचशी उरकून घेणें, आणि नंतर एकेक प्रोग्राम क्रमानें उठवून तपासणें, यांत वेळ जातो. स्क्रिप्ट लिहिली असतांही जागावें कां, असें त्या भगिनींनीं शेवटीं विचारलें आहे. बहुतेक रात्रीं तसें जागावें लागत नसेलही. परंतु ज्या रात्रीं शून्याऐवजीं दुसराच आंकडा येईल, त्या रात्रीं तो वाचावयास कोणीतरी जागें असावें लागतें, आणि ती रात्र कोणती हें आधीं कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळचा चहा मात्र सूनबाईंवर सोंपवूं नये.